गुणाबाईचे बोलणे

आंबेटोल्याच्या गुणाबाईने आपल्या नवऱ्याचे एकही नाटक कधी पाहिले नव्हते, ही गोष्ट परगावच्या माणसाला सहसा खरी वाटत नसे. तिचा नवरा मुखरू हा कुरखेड्यापासून वडशापर्यंतच्या गावांत बावीस वर्षे गाजलेला नट होता. तो नाटकात बाईचे काम करी. त्या काळी झाडीपट्टीतील गावमंडळांना नाटकासाठी बाया मिळत नसत. आवाजाने पातळ, चणीने लहान आणि लुगडे नीट नेसता येणारा पुरुष सापडला की मंडळ त्याला डोक्यावर घेई. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की मुखरूला बोलावणी येत. त्याचा ‘दाराचा प्रवेश’ पाहण्यासाठी लोक बंड्या जुंपून येत आणि बाया तोंडात पदर कोंबून रडत, असे गुणाबाईने पुष्कळांच्या तोंडून ऐकले होते. प्रवेशात एक बाई दारापाशी उभी राहून विनवणी करते, एवढे तिला माहीत होते. त्यापुढे तिने कधी विचारले नाही.

न पाहण्यामागे एक शपथ होती, आणि शपथेमागे एक दुपार होती. ती आधी सांगणे आवश्यक आहे.

गुणाबाई तेव्हा वीस वर्षांची होती. थोरला मुलगा इसरू सात महिन्यांचा होता. मुखरूला मंडळाने पहिल्यांदाच बाईचे काम दिले होते आणि तो घरात तालीम करीत होता. तिचेच लुगडे नेसून, कमरेवर पाण्याचा गुंड घेऊन तो ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओसरीत चालत होता. गुणाबाई चुलीपुढे बसून पाहत होती. तिला हसू आवरले नाही.

“अवो, बाई अशी नाई चालत जी! असं तं बदक चालते,” ती म्हणाली.

मुखरूने गुंड खाली ठेवला. तिचा दंड धरला, तिला अंगणात ढकलले आणि आतून कडी घातली. वैशाखातली दुपार होती. त्यांचे घर गावाच्या शेवटाला, पुढे नुसत्या धानाच्या बांध्या. उन्हाच्या वेळेला तिकडे कुत्रेसुद्धा फिरकत नसे. तिच्या पायात चप्पल नव्हती. आत झोळीत इसरू रडू लागला. तिने दार वाजवले, हाका मारल्या, विनवण्या केल्या. दार उघडले तेव्हा सूर्य बांध्यांपलीकडे गेला होता. मुखरू डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, “काऊन व, तू बाहीरच होती? मले तं झोप लागली होती.”

गुणाबाईने ते खरे मानले. खरे मानावे असेच तिच्या मनाला वाटले. रागाच्या भरात माणूस कडी घालतो, मग आडवा होतो, मग त्याचा डोळा लागतो. असे होऊ शकते. ऐकले असते तर त्याने दार उघडले असते. या एका समजुतीवर तिने पुढली बेचाळीस वर्षे त्या माणसाच्या घरात काढली. धानाची रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपानांचे पुडके बांधणे, दोन मुले वाढवणे, तो मंडईच्या दिवसांत गावोगाव हिंडत असताना एकटीने मळणी उरकणे, हे सर्व तिने केले. त्याने पुढेही कधीमधी हात उचलला. तेव्हा तेव्हा ती स्वतःला सांगे, हा माणूस तापट आहे, पण निर्दय नाही. त्या दिवशी तो झोपला होता.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी मुखरूने इसरूच्या डोक्यावर तिचा हात ठेवून तिच्याकडून वचन घेतले होते, की त्याचे काम जिथे असेल तिथे तिने यायचे नाही. तिला पाहून त्याला हसू येईल आणि पार्ट बिघडेल, असे त्याने कारण सांगितले होते. मुलाच्या डोक्यावरची शपथ. ती मोडण्याचा विचारही तिच्या मनात आला नाही.

पुढे नाटक कंपन्यांत बाहेरून बाया येऊ लागल्या आणि मुखरूचे काम आपोआप सुटले. इसरू गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागला. त्याची मुलगी मयुरी वडशाच्या महाविद्यालयात शिकू लागली आणि दर रविवारी आजीकडे येऊ लागली. मयुरीनेच ती बातमी आणली.

“आजी, आमच्या कालेजात रोमानियाच्या बाया येऊन राह्यल्या. नाटक करनार हायेत.”

“ते कुठी आलं व?”

“युरोपात. इमानानं यावं लागते.”

“मंग एवढ्या दूरून काऊन? त्याहिच्या गावात पाहाले मानसं नाई का?”

मयुरी हसली. “हायेत वो. पर त्याहिले आपलं झाडीपट्टीचं नाटकबी पाहाचं हाये. मी माईकवर त्याहिच्या नाटकाचा अर्थ सांगनार. अन आबाजीचा सत्कार हाये. बाईचं काम करनारे जुने नट मनून.”

ओसरीत बसलेल्या मुखरूने सुपारी फोडता फोडता मान वर केली. “दुपारचं हाये नं? दोन वाजता. विनोदभाऊचा फोन आला होता.” विनोद हा वडशाच्या नाट्यमंडळाचा चालक, सूत्रसंचालन करणारा तोच. मुखरू थोडा थांबला आणि गुणाबाईला म्हणाला, “तूबी चाल. मी कुठी काम करून राह्यलो? नुसती शाल घेनार हाओ.”

अशा रीतीने बेचाळीस वर्षांनी गुणाबाई नाटक पाहायला निघाली. शपथ मोडत नव्हती, कारण मुखरूचे काम नव्हते.

महाविद्यालयाच्या सभागृहात डाव्या बाजूला पुरुष आणि उजव्या बाजूला बाया बसल्या होत्या. तसे कोणी बसवले नव्हते. लोक आले आणि आपोआप तसे बसले. मुखरूला पहिल्या रांगेत सोफा होता. गुणाबाई तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली. आधी सत्कार झाला. विनोदने माइकवर सांगितले, “ज्यांनी आपल्या झाडीपट्टीतल्या बाईचं दुःख उभ्या महाराष्ट्राला दाखवलं, ते आपले मुखरूभाऊ!” टाळ्या झाल्या. मुखरूने शाल घेतली, नारळ घेतला आणि सवयीप्रमाणे कमरेतून किंचित वाकून, बाईसारखा, नमस्कार केला. लोक खूष झाले. गुणाबाईलाही बरे वाटले.

मग रोमानियाच्या बायांचे नाटक सुरू झाले.

पडदा नव्हता, देखावा नव्हता. एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पुरुषाचा काळा कोट. चार बाया होत्या. तिघी मिळून एकच बाई होत्या. एक तिची लहानपणची, एक लग्न झालेली, एक म्हातारी. चौथी तो कोट अंगात घाली. ती कोट घालून आली की बाप असे. कोट काढून पुन्हा घातला की नवरा असे. तिसऱ्यांदा घातला की मुलगा असे. कोट तोच. कोटवाला दर वेळी त्या बाईला एकच प्रश्न विचारी, आणि मयुरी बाजूला उभी राहून माइकवर त्याचा अर्थ सांगे: “तो विचारते, तू कोनाची?” लहान मुलगी बापाचे नाव सांगे. लग्न झालेली नवऱ्याचे सांगे. म्हातारी मुलाचे सांगे. स्वतःचे नाव तिघींपैकी कोणी सांगत नसे, कारण कोणी विचारलेले नसे.

गुणाबाईला भाषेचा एक शब्द कळत नव्हता आणि तरी तिला फार थोडे अडत होते. ती गोरी बाई टेबलावर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मळत होती आणि मळता मळता हात कमरेला पुसत होती. अगदी आपल्यासारखे, असे गुणाबाईला वाटले आणि तिला नवल वाटले. मग कोटवाल्याने त्या बाईच्या थोबाडीत मारली. आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. बायांच्या बाजूने “अई!” असा एकच उद्गार निघाला. पुरुषांच्या बाजूला कोणी तरी हसले. गुणाबाई मात्र हादरली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. मार खाल्लेल्या बाईने गालाला हात लावला नाही. तिने पटकन पिठाकडे पाहिले, ते खाली पडले तर नाही ना म्हणून. इतक्या दूर, जिथे विमानाने जावे लागते, तिथल्या बाईलासुद्धा आधी पिठाकडे पाहावे लागते! हे कोणी या परक्या बायांना शिकवले असेल, याचा गुणाबाई विचार करीत राहिली.

शेवटी म्हातारीने तो कोट खुर्चीला घातला, त्याच्या समोर बसली आणि बराच वेळ त्या रिकाम्या कोटाशी बोलली. दिवे लागले. टाळ्या वाजल्या. पण नाटक संपले नव्हते. त्या चौघींतली वडील बाई, इलिंका तिचे नाव, साठीच्या आसपासची, रंगमंचाच्या कडेला येऊन बसली आणि इंग्रजीत काही म्हणाली. मयुरीने सांगितले:

“त्या म्हनतात, आमी जिथं जिथं नाटक करतो तिथं तिथल्या बायांना एक विनंती करतो. तुमी आपल्या घरात बोललेलं, पर कोनीच न आयकलेलं, असं एक बोलनं इथं येऊन सांगा. एकच.”

सभागृह गप्प झाले. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, पदर सारखे करू लागल्या. मागून एक तरुणी उठल्यासारखी झाली आणि शेजारणीने ओढल्यामुळे बसली. इलिंका थांबून राहिली. विनोदला मात्र ती शांतता सहन झाली नाही. कार्यक्रम पडला असे त्याला वाटले. आपल्याकडे नाटकात बाईचे मन सांगायचे म्हटले की ते कोणी सांगावे, हे ठरलेलेच होते. तो माइक घेऊन उत्साहाने म्हणाला:

“बाया आपल्या लाजाळू हायेत म्याडम! पर काळजी नोको. आपल्याकडे बाईचं बोलनं बोलनारा बादशहा बसला हाये. मुखरूभाऊ, होऊन जाऊ द्या दाराचा प्रवेश!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. गुणाबाईलाही नाही. तिला फक्त शपथ आठवली आणि ती अर्धवट उठली. पण दार दूर होते, मधे माणसे उभी होती, आणि मुखरू तर रंगमंचावर पोचलाही होता.

त्याने सत्काराची शाल डोक्यावरून घेतली. अडुसष्ट वर्षांच्या त्या शरीराचे खांदे उतरले, मान एका बाजूला झुकली, आवाज पातळ झाला. तो चार पावले चालला. बाईच चालली. बदक नव्हे. समोर नसलेल्या दारावर त्याने पालथ्या हाताने थाप दिली.

“दार उघडा जी. चुकलं माह्यं. आता नाई हासनार मी. कधीच नाई हासनार. लेकराची पेवाची वेळ झाली जी, माह्यं पोलकं भिजून गेलं. मले मंग मारा, पर आधी त्याले घेऊ द्या...”

गुणाबाई उठली होती तशीच अर्धवट राहिली.

मुखरू एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवीत होता, जमीन भाजते आहे असा. मग तो खोकला. दोनदा कोरडे, एकदा ओले, गुणाबाई खोकते तसे. तो दाराजवळ खाली बसला आणि आवाज अगदी लहान करून, दाराशी नव्हे तर बाजूला कोणाशी तरी बोलला:

“तू काऊन आली व इथी? जा नं वळचनीले. तुले सावली हाये, तू जा. तुह्यी पिल्लं तं तुह्याजवळ हायेत.”

ही कोंबडी होती. त्या दुपारी चोच उघडी टाकून एक कोंबडी आपली पिल्ले घेऊन गुणाबाईजवळ आली होती आणि गुणाबाई तिच्याशी बोलली होती. हळू. इतके हळू की कोंबडीलाही ऐकू गेले असेल की नाही कोणास ठाऊक. विनवण्या तर कोणीही रचू शकते. दार उघडा, चुकले माझे, हे सगळ्याच नाटकांत असते. पण कोंबडीशी बोललेले ते बोलणे गुणाबाईने नंतर कोणालाही सांगितले नव्हते. ते ऐकायला माणूस जागा असून भागले नसते. त्याला दाराला कान लावून, श्वास रोखून, खाली बसावे लागले असते. ती जिथे बसली होती त्याच्या अगदी पलीकडे.

बाजूची बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “कसा करते वो तुमचा मानूस! जसं सोताच भोगलं.” प्रवेश संपला. “वन्स मोर!” असा गजर झाला. काही बायांनी आपल्या जुन्या चालीप्रमाणे पुढे जाऊन दहा-वीसच्या नोटा मुखरूच्या पायाशी ठेवल्या.

इलिंकाच्या डोळ्यांत पाणी होते. तिने मयुरीजवळ काही विचारले. मयुरीने विचारले, “आबाजी, त्या म्हनतात हे कोनी लिहिलं?”

“लिहिलं कोनीच नाई,” मुखरू शाल खांद्यावर घेत अभिमानाने म्हणाला. “मी सोता बसवलं.”

“अन त्या विचारतात, दार उघडल्यावर ते बाई काय बोलते?”

“काय बोलन? तिथी पडदा पडते!”

लोक हसले. मयुरीने इंग्रजीत सांगितले. इलिंका हसली नाही. ती म्हणाली आणि मयुरीने सांगितले, “आमच्याकडेही पडदा तिथंच पाडतात.”

गुणाबाई चालू लागली होती हे तिला स्वतःला पायरीपाशी गेल्यावर कळले. पायरीशी तिने चपला काढल्या. मयुरी म्हणाली, “आजी?” विनोदने माइक हातात घेऊन सांगितले, “मुखरूभाऊंच्या सौभाग्यवती आल्या हायेत! टाळ्या!” टाळ्या झाल्या. गुणाबाईने माइक घेतला नाही. पण सभागृह इतके मोठे नव्हते.

“तिथी पडदा नाई पडत,” ती म्हणाली. “दार उघडलं तवा सांज झाली होती. मानूस डोळे चोळत बाहीर आला. मले झोप लागली होती, असं म्हनला. अन बाई म्हनली...” तिने पदर सारखा केला. “बाई म्हनली, झोप झाली का जी तुमची? ताट वाढू का?”

पुरुषांच्या बाजूला मोठा हशा पिकला. गमतीचे वाक्य म्हणून ते छानच होते. मग कोणाला तरी तिचा चेहरा दिसला. हशा पुढून मागे विझत गेला.

मुखरू तिच्याकडे पाहत होता. चार फुटांवर. गुणाबाईने त्याला विचारले, आणि विचारताना तिने नेहमीचे आदराचे बोलणे सोडले नाही.

“तुमी जागे होते का जी?”

बावीस वर्षांत ज्याचे एक वाक्य चुकले नव्हते, त्या माणसाने रंगमंचाच्या कडेला पाहिले, जिथे पूर्वी पुस्तक घेऊन वाक्य सुचवणारा बसत असे. तिथे कोणी नव्हते.

“बोला नं.”

“जागाच होतो,” मुखरू म्हणाला.

“मंग दार काऊन नाई उघडलं?”

“आयकत होतो.” मग, जणू तिला पटवून द्यावे अशा अगदी प्रामाणिक स्वरात तो म्हणाला, “तू म्हनली नं, बाई अशी नाई चालत? मंग बाई कशी बोलते ते तं समजाले पाहिजे नं मले. असं बोलनं कुठी लिहून भेटते, व?”

मयुरीने याचा अर्थ इलिंकाला सांगायला तोंड उघडले. मग तिने माइक खाली ठेवला. इलिंकाने अर्थ विचारला नाही. खुर्चीवरचा तो काळा कोट तिने उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्ची गुणाबाईच्या मागे आणून लावली. गुणाबाई बसली नाही. आपल्या चपला पायात घालून ती बाहेर गेली आणि बस उभी राहते तिथे जाऊन उभी राहिली.

बसमध्ये मुखरू तिच्या शेजारी येऊन बसला. कोरची फाटा आला. मग तो म्हणाला, “एवढ्या लोकायसमोर इचारलं तू.”

“एवढ्या लोकायसमोर सांगतलं तुमी. बावीस वर्सं.”

त्यानंतरचे दिवस गुणाबाईने कसे काढले, हे सांगणे कठीण आहे. ती रडली नाही, भांडली नाही. कामे नेहमीची होत होती, पण मधेच तिचे हात थांबत. सुपात तांदूळ असत आणि सूप हवेत तसेच राही. मारल्याचे तिला काही वाटत नव्हते असे नाही, पण ते तिने पचवलेले होते. न पचणारी गोष्ट दुसरीच होती. दाराची एक फळी होती मधे. फळीच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, दोघेही जमिनीवर बसलेले, आणि त्याच्या मांडीवर, किंवा मांडीजवळच्या झोळीत, भुकेने रडणारा इसरू. तो मुलाला ऐकत नव्हता. तिला ऐकत होता. आणि हे बोलणे घेऊन तो गावोगाव गेला. सावली, सिंदेवाही, आरमोरी, जिथे बंड्या भरून बाया आल्या, त्या तिच्या बोलण्यावर रडल्या, आणि परत आल्यावर तिलाच म्हणाल्या की तुझा माणूस मोठा गुणाचा आहे.

गावात बोलणे झालेच. पुरुष मुखरूला पारावर म्हणत, “काय भाऊ, जागे का झोपले?” तो पारावर जाईनासा झाला. गुणाबाईला विहिरीवर एक म्हातारी म्हणाली, “जाऊ दे व. नाव तं झालं नं त्याचं?” गुणाबाई म्हणाली, “झालं नं. तेच पाहून राह्यली मी.”

मयुरीने फोन करून विचारले, “आजी, तू बाबाकडे गडचांदूरले जातेस का?” गुणाबाई म्हणाली की मळणी उरली आहे, आणि शिवाय तिला एक काम उरकायचे आहे.

ते काम तिने पाचव्या दिवशी काढले. दुपारची जेवणे झाली होती. ओसरीत तिने बोरा अंथरला आणि मुखरूला म्हणाली, “बसा जी.”

“काऊन?”

“तुमचे बाकीचे प्रवेश म्हना. सगळे. नाटकातले बाईचे जेवढे बोलने हायेत तेवढे.”

“आता काय करतेस त्याचं?”

“मले पाहाचं हाये, कोनाकोनाचे हायेत.”

मुखरूने पुष्कळ टाळले. आठवत नाही म्हणाला. घसा बसला म्हणाला. म्हातारपणी काय खूळ म्हणाला. गुणाबाई समोर बसून राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी त्याने सुरुवात केली. शाल नव्हती, डोक्यावरून पदर नव्हता, नुसता आवाज. पहिला प्रवेश माहेरच्या निरोपाचा होता; एक बाई म्हणते, बाप मेला तरी मला रोवणी सोडून जाऊ देत नाहीत, निदान त्या दिशेला तोंड करून बसू द्या.

“माह्यं,” गुणाबाई म्हणाली. “पुढचं.”

दुसरा विधवेचा होता. ती ऐकत राहिली आणि मधेच तिने हात वर केला. “हे कांताबाईचं हाये. तुमच्या भावजयीचं. भासरे गेले तवा ते गुरांच्या कोठ्यात जाऊन बोलली होती. तुमी कोठ्यात होते?”

“कोठ्याच्या मागं.”

“पुढचं.”

असे तो म्हणत गेला आणि ती सांगत गेली. काही तिचे होते. एक विहिरीवर ऐकलेले होते, ते कोणाचे हे तिने ओळखले आणि नाव घेतले नाही. सूर्य ओसरीच्या खांबापाशी आला. मुखरूचा आवाज आता बाईचा राहिला नव्हता, नटाचाही राहिला नव्हता. तो एका थकलेल्या म्हाताऱ्याचा झाला होता. मग त्याने एक लहानसा प्रवेश म्हटला. त्यात बाईला फार बोलणे नव्हते. नवरा काठी घेऊन येतो आणि ती हळूच म्हणते:

“पोरासमोर नोका मारू जी. पोरगं हेच शिकते.”

गुणाबाईने तो पुन्हा म्हणायला लावला. तिने आठवून पाहिले. हे तिने कधी म्हटले नव्हते. कांताबाईला तर मूलच नव्हते. गावातल्या एकेका बाईचा आवाज तिने मनात लावून पाहिला आणि तो कोणालाच बसेना.

“हे माह्यं नाई. हे कोनाचं हाये जी?”

मुखरूने बोऱ्याचा एक निघालेला धागा ओढला. तो तुटेपर्यंत ओढला.

“मायचं.”

गुणाबाई आपल्या सासूला ओळखत होती. पाठीत वाकलेली, फारसे न बोलणारी बाई. लग्नानंतर दोन वर्षांत गेली. तिच्या तोंडून असे काही कधी निघाले असेल, याची कल्पनाही गुणाबाईने केली नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

“तुमी कुठी होते तवा?”

“तिथीच,” मुखरू म्हणाला.

अंगणात वाळत घातलेल्या धानावर चिमण्या उतरल्या आणि तिने त्यांना हाकलले नाही. मुखरू उठू पाहत होता. त्याचे गुडघे जमिनीवरून लवकर उचलत नव्हते.

“बसा,” ती म्हणाली. “पुढचं म्हना.”